तेलाचे डबे आणि आहारशास्त्राची पदवी

बारावी सायन्सनंतर ‘मी आहारशास्त्राला जाते’ म्हणणाऱ्या मुलीला पिंपरी-चिंचवडमध्ये तीन उत्तरे हमखास ऐकावी लागतात. पहिले : त्यात शिकायचे काय, ते तर आपल्या आजीलाही येत होते. दुसरे : पाच वर्षे घालवून शेवटी डाएट चार्टच लिहायचे ना? आणि तिसरे, सगळ्यांत जड : त्याला स्कोप नाही. पहिली दोन उत्तरे निव्वळ अज्ञानाची आहेत. तिसरे अर्धे खरे आहे आणि अर्धे खरे असणारे विधान खोडायला जास्त मेहनत लागते. स्कोप नाही हे कबूल केले तरी त्याचे कारण विद्येत सापडत नाही. ही विद्या जिथे सर्वांत जास्त लोकांच्या कामी येईल, त्या जागेच्या दारातून आपण तिला आतच घेतलेले नाही. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात ती जागा म्हणजे कारखान्याचे कॅन्टीन.

आधी आजीचा मुद्दा. घरच्या माणसाला काय मानवते हे आजीला कळत होते, यात वाद नाही. पण क्लिनिकल न्यूट्रिशन ज्या माणसाशी गाठ घालते तो घरच्या ताटासमोर बसलेला नसतो. भट्टीजवळ भाजलेला साठ किलोचा कामगार घ्या. निरोगी असता तर त्याला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिने पुरली असती. मोठ्या भाजण्यात ती गरज किलोमागे दीड ते दोन ग्रॅमवर, म्हणजे नव्वद ते एकशेवीस ग्रॅमवर जाते. ही झाली सोळा-सतरा अंड्यांइतकी प्रथिने, आणि या माणसाला धड गिळताही येत नसते. ती नळीतून, किती वेगाने आणि कशात कालवून द्यायची, हा अभ्यासाचा विषय आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिले, तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. तिथे मायेने वाढलेले भरले ताट जिवावर बेतते. डायलिसिसवरच्या रुग्णाचा बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरते. भाजी उकडलेले पाणी टाकू नये, ही आजीची शिकवण इथे नेमकी उलटी करावी लागते. ज्या चार्टची टिंगल होते त्याच्यामागे जैवरसायन, शरीरक्रिया आणि औषधांचे परिणाम यांचा असा हिशेब असतो. तो चुकला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता स्कोपचा मुद्दा. रुग्णालयांत आहारतज्ज्ञ लागतात. संत तुकाराम नगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो की थेरगाव-निगडीची खासगी रुग्णालये, एनएबीएच या रुग्णालय-मान्यता मंडळाच्या मानकांमध्ये पोषण-उपचार हा रुग्णसेवेचाच भाग धरला आहे. पण शेकडो खाटांमागे ही पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आहारतज्ज्ञाचे काम बहुतेक बिलांत खोलीभाड्यात विरघळून जाते. ज्याचे वेगळे बिल होत नाही त्याला पगारही बेताचाच मिळतो. मग एमएस्सी झालेली मुलगी वजन घटवण्याच्या क्लिनिककडे वळते आणि तिथे तिची गाठ पडते ती आठवड्याच्या कोर्सवर स्वतःला डाएटिशियन म्हणवणाऱ्यांशी. भारतीय आहारतज्ज्ञ संघटना, म्हणजे इंडियन डायटेटिक असोसिएशन, १९६३ सालची. ती परीक्षा घेऊन नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही मान्यता देते. पण पाटी कोणी लावावी याला बंधन नव्हते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने हे चित्र पालटू पाहिले. पोषणविज्ञानाला त्याने स्वतंत्र व्यवसायाचे स्थान दिले, शिक्षणाचे किमान तास ठरवले, नोंदणीची तरतूद केली. त्या कायद्याच्या अनुसूचीत क्लिनिकल डाएटिशियनच्या शेजारी ‘फूड सर्व्हिस डाएटिशियन’ हेही नाव आहे, म्हणजे मोठ्या स्वयंपाकघराचा आहारतज्ज्ञ. कायद्याने नाव दिले, पण त्या नावाच्या माणसाला बसायला खुर्ची कुठे आहे ते सांगितले नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कायद्याने खुर्ची मांडली की व्यवसाय उभा राहतो, हे याच पट्ट्याने पाहिले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात ४०-ब हे कलम आले आणि हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. महाराष्ट्राने १९८२ मध्ये त्याची पात्रता आणि कर्तव्ये नियमांत बसवली. त्यातून औद्योगिक सुरक्षेची पदविका आली, ती शिकवणाऱ्या संस्था आल्या आणि आज चाकणच्या कुठल्याही मोठ्या गेटवर हेल्मेट घातलेला सेफ्टी ऑफिसर दिसतो. त्या काळीही ‘हे काय शिकायचे, डोळे उघडे ठेवले की झाले’ असे म्हणणारे असणारच. आज सुरक्षेला स्कोप नाही असे कोणी म्हणत नाही. तो स्कोप एका कलमातून जन्मला.

कॅन्टीनचे कलम तर त्याहून जुने आहे. १९४८ च्या मूळ अधिनियमातले ४६ वे कलम अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन चालवायला लावत होते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांना कॅन्टीनची सक्ती केली तेव्हाही उंबरठा अडीचशेचाच होता. आमचे कलम इमारतीचा, फर्निचरचा, भांड्यांचा, पदार्थांच्या दरांचा आणि कामगार प्रतिनिधी असलेल्या व्यवस्थापन समितीचा विचार करत होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा उंबरठा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणला, म्हणजे कॅन्टीनची संख्या वाढणार. अन्नसुरक्षेच्या बाजूला एफएसएसएआय ही नियामक संस्था आहे. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर तिला हवा असतो, पण त्याने पाहायचे ते अन्न नासले आहे का, हात धुतले आहेत का, टोपी आहे का. आज जेवून उद्या उलट्या होऊ नयेत याची व्यवस्था चोख आहे. आज जेवून वीस वर्षांनी डायलिसिसवर जाऊ नये, हे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आणि हे त्या पट्ट्यात, जिथे सगळे मोजले जाते. असेंब्ली लाइनवर चाकाचा बोल्ट किती टॉर्कने आवळला याची नोंद राहते, गाडी दहा वर्षांनी परत आली तरी ती काढून दाखवता येते. या मोजणीची बरीचशी शिस्त जपानकडून आली. कायझेन, कानबान, पोका-योके, फाइव्ह-एस हे शब्द आयटीआयच्या पोरांच्याही तोंडी आहेत. पण त्याच जपानमधली एक गोष्ट आम्ही तिथेच ठेवून आलो. तिथे आहारतज्ज्ञांचा कायदा १९४७ पासून आहे. २००२ च्या आरोग्यसंवर्धन कायद्यानुसार, नियमितपणे एका वेळी ५०० किंवा दिवसाला १५०० ताटे देणाऱ्या आणि विशेष पोषण-व्यवस्थापनाची गरज असलेल्या स्वयंपाकघराला अधिकाऱ्यांनी तसे ठरवले, की परवानाधारक व्यवस्थापक आहारतज्ज्ञ, त्यांच्या भाषेत ‘कानरी एइयोशी’, नेमावाच लागतो. चाकणमध्ये तीन पाळ्या मिळून दीड हजार ताटे ही मध्यम आकाराच्या कंपनीची गोष्ट झाली. आम्ही भिंतीवरचा कायझेन बोर्ड आणला आणि स्वयंपाकघरातला माणूस विसरलो.

तो माणूस नेमके काय करील, हे हिशेबानेच पाहू. समजा, एका वेळी हजार ताटे उठतात आणि त्या जेवणाला तेलाचे पंधरा किलोचे दोन डबे लागतात. दर ताटामागे तीस ग्रॅम तेल झाले, म्हणजे केवळ तेलाच्या २७० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या आहाराला अख्ख्या दिवसाचे तेल-तूप सुचवले आहे सत्तावीस ग्रॅम. अंगमेहनतीच्या माणसाला यापेक्षा थोडे जास्त चालेल, हे खरे. पण त्याच रांगेत फोर्कलिफ्टवर आठ तास बसणारा चालकही उभा असतो. त्याच संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठ्या कामाच्या पुरुषाची गरज २११० कॅलरी आहे आणि जड कामाच्या पुरुषाची ३४७०. फरक तेराशे साठचा, आणि ताट मात्र दोघांना एकच, त्याच कप्प्यांचे, त्याच डावाने वाढलेले. आता डाळ घ्या. हजार माणसांच्या वरणाला पंधरा किलो तूरडाळ घेतली तर माणशी तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिने पडतात, तीस किलो घेतली तर साडेसहा. कढईत पाहिले तर दोन्ही वरणे पिवळीच दिसतात. फरक फक्त कोठीच्या वहीत कळतो आणि ती वही आज दराच्या अंगाने वाचली जाते, पोषणाच्या अंगाने नाही. जेवण संपते न संपते तोच चहाची ट्रॉली येते. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह पुरेसे शोषू देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वायर हार्नेसच्या लाइनवर बसलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या वाटण्याइतकेच ती ट्रॉली तासभर पुढे ढकलणेही गरजेचे आहे, आणि त्याला खर्च शून्य आहे. पण हे सुचायला ते शिकलेला माणूस तिथे असावा लागतो.

रात्रपाळीचा प्रश्न याहून अवघड. २०२१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात कृत्रिम रात्रपाळीत रात्री जेवणाऱ्यांची रक्तशर्करा सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसाच जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. प्रयोग अवघ्या १९ निरोगी माणसांवरचा आणि प्रयोगशाळेतला, त्यामुळे त्यावरून थर्ड शिफ्टचे जेवण बंद करा असे कोणी म्हणेल तर तो मूर्खपणा होईल. रात्रभर कास्टिंग उचलणाऱ्याला उपाशी कसे ठेवणार? मुख्य जेवण पाळीवर येण्याआधी, मधे हलके आणि प्रथिनांचे, पहाटे गोड चहा-बिस्किटाऐवजी दुसरे काही, अशी घडी बसवावी लागते, आणि दर आठवड्याला पाळी बदलली की घडीही बदलावी लागते. त्यात कोणाला मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण दोन तास लांबले की साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. आणि तो हात त्या वेळी प्रेस मशीनखाली असू शकतो. क्लिनिकल न्यूट्रिशनचा विद्यार्थी हे रुग्णालयाच्या वॉर्डात शिकतो. वॉर्डात येण्याआधीचा तोच माणूस कॅन्टीनमध्ये असतो.

‘आपले साधे जेवणच उत्तम, भाकरी-पिठले खाणाऱ्याला कुठे होता मधुमेह’ हा आक्षेप इथे येतो आणि तो पुण्यातच तपासला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालवला. जन्मतः किडकिडे दिसणारे पण तुलनेने जास्त चरबी बाळगणारे भारतीय मूल, ही कल्पना या कामाने जगाला दिली. २००४ मध्ये याज्ञिकांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच उदाहरण छापले : दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर उभे करून ‘फिट’ असा शिक्का मारणाऱ्या वार्षिक तपासणीला यापेक्षा चांगली चपराक नाही. याच गटाच्या २००६ च्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, आणि सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. परंपरेचे ताट परंपरेच्या कष्टांशी जुळलेले होते. बीडहून किंवा बिहारमधून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या आणि दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणाऱ्या मुलाचे ताट कुठल्याच परंपरेत बसत नाही. शिवाय दोन हजार माणसांना ज्वारीची भाकरी थापून देणे कोणत्या केटररला जमते? चपातीला यंत्र आहे, म्हणून चपाती आहे. परंपरा मशीनच्या सोयीने केव्हाच बदलली आहे.

कंपनीत डॉक्टर असतो, मग आणखी एक माणूस कशाला, याचे उत्तर थोडक्यात देता येते. कारखान्याचा डॉक्टर औद्योगिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आलेला असतो, पण तो माणसाला ओएचसीत, म्हणजे कंपनीच्या दवाखान्यात, तक्रार घेऊन आल्यावर पाहतो. इंडेंट काढताना, कढईजवळ, ठेकेदाराशी तेलाच्या ब्रँडवरून वाद घालताना तो नसतो आणि नसावाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. कामगाराच्या ताटात मालकाने डोकावायचे का? ज्या कंत्राटी मुलाची साखर वाढलेली निघाली त्याचे पुढच्या महिन्यात गेटपासचे नूतनीकरण होईल याची हमी काय? ही भीती खोटी नाही. म्हणूनच आहारतज्ज्ञाने एचआरच्या हाताखाली न बसता कॅन्टीन समितीचा सल्लागार म्हणून बसावे. व्यक्तीची माहिती डॉक्टरपलीकडे जाऊ नये आणि समितीला फक्त ताटाची माहिती मिळावी : किती तेल, किती मीठ, किती डाळ. कामगाराला काय खायचे ते सांगणे निराळे, त्याच्यापुढे काय ठेवले जाते ते मोजणे निराळे. पहिल्याला तो पोलिसगिरी म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. दुसरे त्याच्या हक्काचे आहे.

सर्वांत तिखट आक्षेप कामगार चळवळीतून येईल : पगार पुरेना, नोकरी कंत्राटी, आणि तुम्ही आहारतज्ज्ञ पाठवता, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण या चळवळीच्या हातातले एक धारदार हत्यार मुळात आहारशास्त्रानेच दिले आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा निकष ठरवला तेव्हा अन्नाचा आकडा घेतला तो डॉ. आयक्रॉइड यांचा, मध्यम कष्टाच्या प्रौढाला २७०० कॅलरी. हे आयक्रॉइड कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. तीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात हाच निकष धरून त्यावर शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. पगारपत्रकात शिरलेले हे शास्त्र स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र अडले. पगार आधी, हे मला मान्य आहे. पण कॅन्टीनचे ताट हा पगाराचाच न दिसणारा भाग आहे आणि त्यातली डाळ निम्मी झाली तर ती वेतनकपातच असते. ती पकडायला मोजणारा माणूस लागतो.

भोसरीच्या दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपांना यातले काही लागू होत नाही, ही मर्यादा उघड आहे. त्यांचे कॅन्टीन म्हणजे कोपऱ्यावरची वडापावची गाडी. तिथे मोहननगरच्या कर्मचारी विमा रुग्णालयासारख्या व्यवस्थेतून आहारसल्ला पोचवावा लागेल आणि ते काम हळूहळूच होईल. पण मोठ्या कॅन्टीनला थांबायचे कारण नाही. विद्यापीठांनाही नाही. मोठ्या प्रमाणावरच्या स्वयंपाकाचा पेपर गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात पूर्वीपासून आहे. तो आजवर वसतिगृह आणि रुग्णालयाच्या भटारखान्यापुरता राहिला. इंटर्नशिपचे सहा महिने वॉर्डात जातात, त्यातले दोन एखाद्या तीन पाळ्यांच्या कॅन्टीनमध्ये जायला हरकत काय? आणि ही वाट मुलींपुरती ठेवण्याचेही कारण नाही. पहाटे चारला कोठी उघडणाऱ्या केटररशी बोलायला या क्षेत्रात मुलगेही यायला हवेत.

राज्याच्या नियमांत शंभराचा उंबरठा बसवताना हजार ताटांच्या वर एक नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, एवढी ओळ घालणे अवघड नाही. ती येईपर्यंत कॅन्टीन समितीवरच्या कामगार प्रतिनिधींना विनंती आहे. येत्या बैठकीत मेनूत गुलाबजाम किती वेळा असावा यावर भांडा, पण त्याआधी दोन आकडे मागून घ्या : गेल्या महिन्यात तेलाचे डबे किती लागले आणि ताटे किती उठली. भागाकार तुम्हालाही येतो.